कापडी अस्वलाची गोष्ट

(लहान मुलांच्या कुशीत झोपणारे कापडी अस्वल आज जगभर ‘टेडी’ या नावाने ओळखले जाते. हे नाव त्याला कसे मिळाले, ते पहिल्यांदा कोणी शिवले आणि असे खेळणे आपल्याला घरी कसे शिवता येईल, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाकोणाकडे कापडी प्राणी आहे? कोणाकडे ससा असेल, कोणाकडे हत्ती असेल, तर कोणाकडे माकड. एखाद्याचा कान उसवलेला असेल. एखाद्याचा एक डोळा केव्हाच हरवला असेल. तरीही त्याला टाकून द्या, असे कोणी म्हटले तर तुम्ही मुळीच तयार होणार नाही. खरे ना?

तुमच्या आजीला तिच्या लहानपणाविषयी विचारा. त्या काळी दुकानातले खेळणे क्वचितच घरात येई. लाकडाची ठकी असे, नाहीतर चिंध्यांची बाहुली. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, त्यात चिंध्या भरायच्या, वर दोरा आवळून बांधायचा, की झाले डोके तयार! काजळाने डोळे काढले, की बाहुली बघू लागे. पैसा खर्च होत नसे. पण आईचा किंवा आजीचा वेळ मात्र त्यात खर्च होई. म्हणूनच ती बाहुली मुलींना प्रिय असे.

आज आपण अशाच एका घरी शिवलेल्या खेळण्याची गोष्ट वाचणार आहोत. ही गोष्ट अमेरिकेतील आहे आणि ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडली.

जंगलातील प्रसंग

१९०२ साली थिओडोर रूझवेल्ट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. लोक त्यांना लाडाने ‘टेडी’ म्हणत. त्यांना शिकारीची फार आवड होती. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात ते मिसिसिपी राज्यातील जंगलात अस्वलाच्या शिकारीसाठी गेले. त्यांना वाट दाखवण्याचे काम होल्ट कॉलियर नावाच्या शिकाऱ्याकडे होते. कॉलियर कृष्णवर्णीय होते. अमेरिकेत माणसांना गुलाम म्हणून राबवले जाई, त्या काळात त्यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेला असा दुसरा वाटाड्या त्या भागात मिळणे कठीण होते.

राष्ट्राध्यक्षांना मात्र अस्वल काही दिसेना. अखेर १४ नोव्हेंबरला कॉलियर यांच्या कुत्र्यांनी एका अस्वलाचा माग काढला. अस्वल आणि कुत्रे यांची झुंज जुंपली. कुत्र्यांना वाचवण्यासाठी कॉलियर यांनी बंदुकीच्या दस्त्याने अस्वलाला मारले आणि त्याला झाडाला बांधून ठेवले. मग त्यांनी राष्ट्राध्यक्षांना बोलावणे पाठवले.

रूझवेल्ट आले. समोर झाडाला बांधलेले, थकलेले, जखमी अस्वल होते. बरोबरचे लोक म्हणाले, “झाडा गोळी!” पण रूझवेल्ट यांनी बंदूक उचलली नाही. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे हे शिकाऱ्याला शोभत नाही, असे त्यांचे मत होते.

मुलांनो, ही गोष्ट सांगताना पुष्कळदा इथेच थांबतात. अस्वलाला सोडून दिले आणि ते आनंदाने जंगलात पळाले, असेही कोणी सांगतात. पण खरे तसे घडले नाही. अस्वलाला फार मोठ्या जखमा झाल्या होत्या. ते जगण्यासारखे नव्हते. त्याचे हाल थांबावेत म्हणून त्याला मारावे, असे रूझवेल्ट यांनी सोबतच्या लोकांना सांगितले आणि तसे करण्यात आले. गोष्ट ऐकायला गोड नसली तरी खरी काय आहे, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

चित्रातले अस्वल

ही बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्रात क्लिफर्ड बेरिमन नावाचे चित्रकार व्यंगचित्रे काढत. १६ नोव्हेंबर १९०२ रोजी त्यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. त्यात रूझवेल्ट पाठ फिरवून, हात आडवा करून “नाही” असे सांगत आहेत आणि मागे दोरीने बांधलेले अस्वल आहे, असे दाखवले होते.

लोकांना ते चित्र फार आवडले. पुढे बेरिमन आपल्या चित्रांत ते अस्वल पुन्हा पुन्हा काढू लागले. दर वेळी ते आणखी लहान आणि आणखी गोंडस होत गेले. गोल कान, मोठे डोळे, भांबावलेला चेहरा! जंगलातले अस्वल मोठे होते. चित्रातले मात्र छोटेसे पिल्लू झाले. पाहणाऱ्याला वाटे, याला उचलून कडेवर घ्यावे.

रोझबाईंची सुई

न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन नावाचा भाग आहे. तिथे मॉरिस मिचटम आणि त्यांची पत्नी रोझ यांचे गोळ्या-मिठाईचे छोटेसे दुकान होते. मॉरिस हे रशियातून अमेरिकेत आले होते. परक्या देशात येऊन संसार उभा करायचा म्हणजे कष्ट आलेच. दिवसा दोघे दुकान चालवत. रात्री दुकान बंद झाले, की कापडी खेळणी शिवत बसत.

मॉरिस यांनी ते चित्र पाहिले आणि त्यांच्या मनात आले, अशा अस्वलाचे खेळणे करावे. रोझबाईंनी मऊ लवेचे कापड घेतले. अस्वलाच्या आकाराचे तुकडे बेतले, कापले, शिवले. आत भरण घातले. डोळ्यांच्या जागी बटणे लावली. अस्वल तयार झाले! दुकानाच्या काचेआड ते मांडले आणि त्याला नाव दिले ‘टेडीचे अस्वल’.

राष्ट्राध्यक्षांचे नाव वापरायचे तर त्यांची परवानगी घ्यायला हवी, म्हणून मॉरिस यांनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि त्यांनी होकार कळवला, असे सांगतात. ते पत्र आज कोठेही मिळत नाही. पण मिचटम कुटुंबात ही गोष्ट सांगितली जात आली आहे.

दुकानात येणारी मुले गोळ्या विसरून अस्वलाकडेच पाहू लागली. एक अस्वल विकले गेले, दुसरे विकले गेले. मागणी इतकी वाढली, की दोघांचे हात पुरेनात. काही वर्षांत त्यांनी ‘आयडियल’ नावाची खेळण्यांची कंपनी काढली. पुढे ती अमेरिकेतील मोठ्या खेळणी कंपन्यांपैकी एक झाली.

त्या काळातील मिचटम यांचे एक अस्वल आजही जपून ठेवलेले आहे. १९६३ साली मिचटम यांच्या मुलाने ते रूझवेल्ट यांच्या नातवाच्या घरी भेट दिले. पुढे ते वस्तुसंग्रहालयात द्यायचे ठरले, तर घरातली मुले त्याला सोडायला तयार होईनात! अखेर १९६४ साली ते वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन या प्रसिद्ध संग्रहालयात गेले. त्याचे कापड सोनेरी रंगाचे आहे आणि डोळे म्हणजे बुटाची काळी बटणे आहेत.

मुलांनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? अस्वलाला नाव मिळाले राष्ट्राध्यक्षांचे. चित्रकाराचे नाव चित्राखाली छापले गेले. कंपनी मॉरिस यांच्या नावाने ओळखली गेली. पण रात्री दिव्याजवळ बसून जिने सुईत दोरा ओवला, त्या रोझबाईंचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तुम्ही मात्र ते विसरू नका.

जर्मनीतील मार्गारेटे

याच सुमारास दूर जर्मनीतही एक कापडी अस्वल तयार होत होते. ब्रुकलिनच्या दुकानाची तिथे कोणाला कल्पनाही नव्हती.

गिंगेन नावाच्या गावात १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ हिचा जन्म झाला. ती दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय लुळे पडले. उजव्या हातातही फारसे बळ राहिले नाही. तरीही ती हट्टाने शिवणकाम शिकली. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवणे तिला जमेना. तेव्हा तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि चाक डाव्या हाताने फिरवले!

१८८० च्या सुमारास तिने नमद्याचे छोटे छोटे हत्ती शिवले. ते खरे म्हणजे सुया-टाचण्या खोचून ठेवण्यासाठी होते. पण मुलांनी ते पाहिले आणि लगेच खेळायला पळवले. तेव्हा मार्गारेटेने कापडी प्राणी करण्याचाच उद्योग सुरू केला. पुढे तिचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलवता येतील असे अस्वल तयार केले. १९०३ साली लाइपझिग शहरातील खेळण्यांच्या बाजारात एका अमेरिकन व्यापाऱ्याने अशी ३,००० अस्वले मागवली. १९०७ या एकाच वर्षात या कारखान्यात ९,७४,००० अस्वले तयार झाली. त्यांतील पुष्कळशी अमेरिकेला गेली.

लाल टाचेचे माकड

सगळीच खेळणी कारखान्यात होत नाहीत. अमेरिकेतील रॉकफर्ड या गावी कामकऱ्यांसाठी जाड मोजे विणले जात. १९३२ सालापासून एका कंपनीने आपल्या मोज्यांची टाच लाल रंगाची विणायला सुरुवात केली. ते दिवस मोठ्या मंदीचे होते. लाखो लोकांचे काम गेले होते. घरात खेळण्यांसाठी पैसा कुठून येणार? मग आया आणि आज्या विरलेले मोजे टाकून न देता त्यांची माकडे शिवू लागल्या. एका मोज्याचे धड आणि पाय, दुसऱ्याचे हात, कान आणि शेपूट. लाल टाच नेमकी तोंडाच्या जागी येई आणि माकड हसू लागे! पुढे कंपनीने मोज्यांच्या जोडीबरोबरच माकड कसे शिवावे याची माहिती द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसेच हे. हात बदलतात, देश बदलतात. पण जुन्या कापडातून घरातल्या लेकरासाठी नवे काही करण्याची माया सगळीकडे सारखीच.

चला, आपण शिवू या

आता आपणही एक अस्वल शिवू या. शिवणकाम हे मुलींचेच काम, असे समजू नका. मॉरिस आणि रोझ दोघेही रात्री कामाला बसत. घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवून घ्या आणि कात्री त्यांच्या देखरेखीखालीच वापरा.

साहित्य : जुने पण न विरलेले सुती कापड, कापूस, सुई, जाड दोरा, रंगीत दोरा, टाचण्या, कात्री, खडू आणि जुने वर्तमानपत्र. जुन्या उशीतला कापूस घेतला तर तो पिंजून, उन्हात चांगला वाळवून घ्या.

१. वर्तमानपत्रावर अस्वलाचा आकार काढा. गोल डोके, दोन कान, पसरलेले दोन हात आणि दोन पाय. उंची एक वीत असली तरी पुरे. हात आणि पाय मात्र निदान तीन बोटे रुंद ठेवा. फार बारीक ठेवले तर शिवल्यावर ते उलटता येत नाहीत.

२. कापड दुहेरी घ्या. सुलट बाजू आत आणि उलट बाजू बाहेर ठेवा. त्यावर कागद ठेवून खडूने रेषा काढा. कापताना रेषेवर कापू नका. रेषेच्या बाहेर एक सेंटिमीटर जागा सोडा. तेवढे कापड शिवणीत जाते.

३. आता एका तुकड्याच्या सुलट बाजूवर रंगीत दोऱ्याने डोळे, नाक आणि तोंड काढा. हे काम आधीच केले, की दोऱ्याच्या गाठी अस्वलाच्या आत लपून राहतात.

४. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून टाचण्या लावा. रेषेवरून आधी धावदोरा घाला. मग त्यावरूनच उलटी टीप घाला. उलट्या टिपेत सुई प्रत्येक वेळी एक टाका मागे नेऊन पुढे काढतात. त्यामुळे शिवण घट्ट बसते आणि कापूस बाहेर येत नाही. कुशीला चार बोटे जागा न शिवता मोकळी ठेवा.

५. मान, काख आणि पायांच्या मध्ये जिथे शिवण वळते, तिथे बाहेरच्या कापडाला कात्रीने लहान लहान छेद द्या. शिवणीच्या दोऱ्याला मात्र कात्री लागू देऊ नका. असे छेद दिले नाहीत, तर उलटल्यावर तिथे कापड गोळा होते.

६. मोकळ्या ठेवलेल्या जागेतून अस्वल हळूहळू उलटा. आता सुलट बाजू बाहेर येईल.

७. कापूस भरा. आधी कान, मग हात, पाय, डोके आणि शेवटी पोट. कापसाचे लहान लहान पुंजके घ्या आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने आत सारा. मोठा गोळा एकदम कोंबला, तर आत गाठी होतात आणि अस्वल ओबडधोबड दिसते.

८. कुशीच्या कडा आत दुमडा आणि बारीक, जवळजवळ टाके घालून ती जागा बंद करा.

शेवटी सुया आणि टाचण्या मोजा. सुरुवातीला जेवढ्या घेतल्या होत्या, तेवढ्याच भरल्या पाहिजेत. एक जरी कमी असली, तरी ती सापडेपर्यंत अस्वल कोणाच्या हाती देऊ नका.

बटणाचे डोळे नकोत

रोझबाईंच्या अस्वलाला बटणाचे डोळे होते, मग आपण दोऱ्याचे का काढले? याचे कारण महत्त्वाचे आहे. लहान मुले हातात येईल ते तोंडात घालतात. बटण तुटले तर ते घशात अडकू शकते आणि जिवावर बेतू शकते. अशा अपघातांवरून लोक शिकले. अमेरिकेत १९८० सालापासून नियम झाला, की तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत घशात अडकतील असे सुटे होणारे लहान भाग असता कामा नयेत. म्हणून तुमच्या धाकट्या भावंडासाठी शिवताना डोळे नेहमी दोऱ्यानेच काढा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अगदी तान्ह्या बाळाच्या पाळण्यात ते झोपलेले असताना कापडी प्राणी ठेवू नये. नाका-तोंडावर आला तर बाळाला तो दूर सारता येत नाही.

खऱ्या अस्वलाचे काय झाले?

कापडी अस्वले घरोघर वाढत होती, तेव्हा मिसिसिपीच्या बाजूची खरी काळी अस्वले मात्र कमी कमी होत गेली. शेतीसाठी जंगले तोडली गेली. शिकारही चालूच होती. लुइझियाना काळे अस्वल या नावाने ओळखली जाणारी ही अस्वले इतकी थोडी उरली, की १९९२ साली अमेरिकेच्या सरकारने कायद्याने त्यांना संरक्षण दिले. लोकांनी पुन्हा झाडे लावली, जंगले राखली. अस्वलांची संख्या हळूहळू वाढली आणि २०१६ साली धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून त्यांचे नाव काढण्यात आले.

शिकारीची आवड असलेल्या रूझवेल्ट यांनीही राष्ट्राध्यक्ष असताना फार मोठी जंगले राखून ठेवली. १९०३ साली त्यांनी फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी सुरक्षित ठेवले.

मुलांनो, कापडी अस्वलाचा कान फाटला, तर आपण तो पुन्हा शिवू शकतो. फाटलेले जंगल शिवायला मात्र फार वर्षे लागतात. म्हणून कुशीतल्या अस्वलावर माया करताना रानातल्या अस्वलाचीही आठवण ठेवा. आणि उद्या तुमच्या खेळण्याची शिवण उसवली, तर ते फेकून देऊ नका. सुई घ्या, दोरा ओवा आणि दोन टाके घाला. ते पुन्हा तुमच्याकडे बघून हसेल.

शब्दार्थ

व्यंगचित्र – गमतीने किंवा टीका करण्यासाठी काढलेले चित्र
वाटाड्या – वाट दाखवणारा
दस्ता – बंदुकीची मूठ
लव – अंगावरील किंवा कापडावरील बारीक मऊ केस
नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड
मंदी – व्यापार आणि कामधंदे कमी होण्याचा काळ
तान्हे – अंगावर पिणारे, अगदी लहान

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोक रूझवेल्ट यांना लाडाने काय म्हणत?
(आ) मिचटम यांचे दुकान कशाचे होते?
(इ) मार्गारेटेने आधी कोणता प्राणी शिवला?
(ई) माकडाचे लाल तोंड मोज्याच्या कोणत्या भागाचे असे?

२. कारणे सांगा.
(अ) रूझवेल्ट यांनी अस्वलावर गोळी झाडली नाही.
(आ) मार्गारेटेने शिवणयंत्र उलटे फिरवून ठेवले.
(इ) अस्वल शिवताना कुशीला थोडी जागा मोकळी ठेवतात.
(ई) लहान मुलांच्या खेळण्याला बटणाचे डोळे लावू नयेत.

३. तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) जंगलातले अस्वल आणि चित्रातले अस्वल यांत कोणता फरक होता?
(आ) ‘रोझबाईंचे नाव विसरू नका’ असे पाठात का म्हटले आहे?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
उसवणे, बेतणे, ओवणे, जिवावर बेतणे.

५. उपक्रम
(अ) आजीला किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईंना त्यांच्या लहानपणीच्या खेळण्यांविषयी विचारा. ती कोणी केली होती आणि कशाची होती, हे वहीत लिहा.
(आ) वर्गातील मुलांनी मिळून जुन्या कापडाचे प्राणी शिवावेत आणि जवळच्या अंगणवाडीतील मुलांना द्यावेत. देण्यापूर्वी प्रत्येक शिवण ओढून पाहावी.